आधी बैठका, मग झुंबा

नांदेड काय आणि लातूर काय, हल्ली प्रत्येक वस्तीत एखादी तरी जिम दिसतेच. दारावरच्या फलकावर हमखास एक ओळ असते : 'महिलांसाठी स्वतंत्र बॅच'. मुलं शाळेत, घरची मंडळी कामावर गेली, की या बॅचमध्ये गाणी सुरू होतात आणि पंधरा-वीस जणी तालावर हातपाय हलवू लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या आईच्या पिढीला असा मोकळा तास मिळाला नाही.

पण याच बॅचमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या आठवड्यात भारी उत्साह असतो. दुसऱ्या आठवड्यात एकीचा गुडघा धरतो, दुसरीच्या कमरेत उसण भरते. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघी यायच्या बंद होतात. भरलेले पैसे बुडतात ते वेगळेच. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत अशा हकिकती दर दिवाळीनंतर ऐकायला मिळतात.

यात खरं नुकसान गुडघ्याचं नाही, मैत्रिणींनो. गुडघा आठ-पंधरा दिवसांत बरा होतो. पण घरखर्चातून स्वतःसाठी पैसे बाजूला काढायचे, रोजचा एक तास मागून घ्यायचा, हे आपल्याकडे सोपं नाही. तो तास एकदा मिळतो. लंगडत घरी आलो की कुणीतरी म्हणतंच, "सांगितलं होतं ना, हे आपलं काम नव्हे!" मग पुन्हा पाच-सात वर्षं तो विषय निघत नाही. म्हणून सुरुवात नीट झाली पाहिजे. बॅचमध्ये उतरण्याआधी सात-आठ आठवडे अंगात मूळची ताकद भरून घ्यायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

बॅच कुणाच्या गतीने चालते?

एरोबिक्स हा शब्द अमेरिकेतल्या डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ सालच्या पुस्तकामुळे जगभर गेला. झुंबा त्यानंतरचा, कोलंबिया देशातल्या बेटो पेरेझ या नृत्यशिक्षकाने तो १९९०च्या दशकात सुरू केला. दोन्ही प्रकार हृदयाला आणि फुप्फुसांना उत्तम. घाम येतो, मन हलकं होतं, चार मैत्रिणी भेटतात.

मात्र बॅच चालते गाण्याच्या गतीने. तुमच्या गुडघ्याच्या गतीने नाही. वीस जणींसमोर उभा असलेला शिक्षक प्रत्येकीचा पाय कसा पडतो हे पाहू शकत नाही. आणि प्रत्येक उडीनंतर पाय टेकतो, तेव्हा गुडघ्यावर नुसत्या उभं राहण्यापेक्षा कितीतरी पट भार येतो. मांड्या आणि नितंब बळकट असतील तर तो भार ते झेलतात. ते कमजोर असले तर तो सांध्यावर आणि कमरेवर जातो. त्यातून दमल्यावर पाय वेडेवाकडे पडू लागतात, आणि गाणं तर चालूच असतं!

तालमीतलं शहाणपण

ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कुस्तीला उभा करत नाहीत. आधी आखाडा उकरायचा, जोर मारायचे, बैठका काढायच्या. मान, खांदे, मांड्या तयार झाल्या की मग डाव शिकायचे. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते याच परंपरेतले. आपल्याला कुस्ती खेळायची नाही हे खरं, पण आधी पाया आणि मग खेळ हा क्रम आपण घ्यायला काय हरकत आहे?

"घरकाम काय कमी आहे का?"

हा प्रश्न हमखास येतो. "अगं, दिवसभर वाकूनच तर असतो आपण, अजून काय वाकायचं?" त्यात तथ्य आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घागरी आणि कॅन वाहून ज्यांचे हात भरून आले, त्यांना श्रम म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको.

पण श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. घरकामात एकाच बाजूवर भार येतो : घागर त्याच कमरेवर, मूल त्याच कडेवर. भार हळूहळू वाढवत नेणं नसतं आणि विश्रांतीचा दिवसही नसतो. आपल्या आज्या जात्यावर दळत, विहिरीचं पाणी ओढत. त्यांचे खांदे मजबूत होते, पण झिजलेले गुडघे आणि वाकलेली पाठही त्यांच्याच वाट्याला आली. आता जात्याची जागा गिरणीने घेतली, उखळाची मिक्सरने. कष्ट थोडे कमी झाले हे बरंच झालं, पण त्याबरोबर ताकदही गेली. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. ही गळती थोपवायला स्नायूंना भार द्यावाच लागतो.

सहा हालचाली

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून : सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणा हवं तर. वेळ अर्धा तास. जिममध्ये करा किंवा घरी. पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी बाजूला ठेवावी.

१. खुर्चीची बैठक. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याइतके लांब, टाचा जमिनीवर. हात छातीशी धरून तीन मोजत हळू बसा आणि उठा. गुडघे आत झुकू देऊ नका. ते पायाच्या बोटांच्या दिशेने राहावेत. जड जात असेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.

२. बादली उचलायची रीत. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल सोडा, पाठ सरळ ठेवा आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. वाकायचं ते इथून, पाठीच्या मध्यातून नाही. ही रीत अंगवळणी पडली की हातात वजन घ्या. पुढे बादली, कळशी, धान्याची पिशवी सगळं असंच उचलायचं. (भरलेला गॅस सिलिंडर मात्र एकटीने उचलू नका. आत गॅसच १४.२ किलो असतो, वर लोखंडी टाकीचं वजन वेगळं.)

३. भिंतीवरचे जोर. छातीच्या उंचीवर तळवे भिंतीला टेकवा, अंग फळीसारखं ताठ ठेवून कोपरं वाकवा आणि परत ढकला. सोपं वाटू लागलं की भिंतीऐवजी ओट्याची कड, मग पलंगाची कड. जमिनीवरचे जोर सावकाश येतील, घाई नाही.

४. पिशवी ओढणं. एक हात खुर्चीच्या बैठकीवर टेकून, पाठ सरळ ठेवून वाका. दुसऱ्या हातात दोन किलोची पिशवी घेऊन कोपर कमरेकडे ओढा. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं, वह्या तपासणं, मोबाइल पाहणं यांत खांदे कायम पुढे झुकलेले असतात. त्यावर हा उतारा.

५. पूल. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर ठेवा. नितंब आवळून कंबर वर उचला, तीन मोजा, हळू खाली या. कमरेची सगळ्यांत जास्त काळजी घेणारी हीच हालचाल.

६. दोन पिशव्यांची चाल. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने घरातल्या घरात अर्धा मिनिट चालायचं. बाजार आणताना ओझं दोन हातांत वाटून घ्यायची सवय यातूनच लागते.

जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा. श्वास कोंडून धरला तर रक्तदाब एकदम वाढतो.

किती आणि कसं वाढवायचं?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे अशक्त पाय पुन्हा बळकट करण्यासाठी अमेरिकी लष्करातले डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी वजनं उचलण्याची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आज जिममध्ये 'दहाचे तीन सेट' म्हणतात, त्याचं मूळ त्यांच्या कामात आहे. तत्त्व साधं : भार थोडा थोडा वाढवत न्यायचा.

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचाल आठ वेळा, असे दोन सेट, वजनाशिवाय. (पिशवी ओढायला आणि चालायला मात्र एकेक किलोची पिशवी घ्या.) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दहाचे तीन सेट. दोन सेटमध्ये मिनिटभर विश्रांती. पाचव्या आठवड्यापासून वजन : पाण्याने भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो, हे घरचंच डंबेल. शेवटच्या दोन खेपा कठीण वाटाव्यात, पण रीत मोडू नये. बारा खेपा आरामात होऊ लागल्या की अर्धा-एक किलो वाढवा. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंना काम समजल्यामुळे. स्नायू त्यामागून येतात आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सर्वांत सावकाश बळकट होतात. म्हणून पंधरा दिवसांत हुरूप आला तरी लगेच उड्या नकोत.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये व्यायाम सकाळी सातच्या आत उरकावा आणि जवळ पाणी ठेवावं.

कधी थांबायचं?

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नका. ते दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण सांध्यात कळ येणं, सूज, चक्कर, छातीत दाटणं यांपैकी काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचा त्रास, हर्निया, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण वा शस्त्रक्रिया असेल, तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करा.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना खोकताना, शिंकताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जातात. बॅचमधून गुपचूप गळणाऱ्यांमध्ये अशाही असतात. यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात आणि ते व्यायामाने सुधारता येतात. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा. तोवर उड्या बंद.

ताटात काय?

ताकद नुसत्या व्यायामाने येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. लातूरची बाजारपेठ डाळीसाठी देशात नावाजलेली, आणि आपण मात्र सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाचं पातळ वरण भाकरीशी खातो! शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण पातळ वाटीत डाळ असते किती? वरण घट्ट करा. दही, शेंगदाण्याची चटणी, सोयाबीनच्या वड्या आणि चालत असेल तर अंडं, असं रोज काहीतरी आपल्या ताटात आधी वाढून घ्या.

"वजनं उचलून पुरुषासारखी दिसेन"

ही भीती सोडा. बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं इतकी कमी असतात, की बाटल्या आणि डंबेल उचलून दंड पैलवानासारखे होत नाहीत. मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने २०२२ साली ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तेही ४५ किलो वजनगटात. आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकते. त्यासाठी लागणारं बळ खांद्यांत आणि धडातच कमवावं लागतं. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर भारताचा झेंडा तिच्या हातात होता.

जिममध्ये हे विचारा

पैसे भरण्याआधी विचारा : पहिला महिना रीत शिकवायला वेगळा वेळ देता का? बाईंना शिकवायला बाई आहे का? वर्षाऐवजी महिन्याचे पैसे घेता का? जुनं दुखणं लिहून घेता का? "या हो मॅडम, आजच बॅचमध्ये उभ्या राहा" असं उत्तर आलं, तर आठवडाभर आणखी दोन ठिकाणं पाहा.

आठ आठवड्यांनी स्वतःची परीक्षा घ्या. हात न टेकता खुर्चीवरून सलग पंधरा वेळा उठबस होते? एका पायावर, दुसऱ्याचा आधार न घेता, दहा मोजेपर्यंत उभं राहता येतं? दोन जिने चढून गुडघा दुखत नाही? तिन्हींना 'हो' असेल तर खुशाल बॅचमध्ये जा. पहिले काही दिवस मागच्या ओळीत राहा आणि जिथे उडी असेल तिथे पाऊल टाका.

बॅच सुरू झाली म्हणून बैठका सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की आठवड्यात किमान १५० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम हवा आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. तेव्हा तीन दिवस झुंबा, दोन दिवस बैठका, अशी वाटणी करून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. म्हणजे तो तास तुमचा आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसेल.