उन्हाळा आणि जुने ध्वनिवर्धक

वैशाखांत वर्धा जिल्ह्यांतील पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां माणसें वाळ्याच्या ताट्यांचा किंवा कूलरचा आश्रय करतात. दिवाणखान्यांतील जुन्या ध्वनिवर्धकाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. त्यानंतरच्या काळांत हौसेनें घेतलेले रेडिओ व ग्रामोफोनचे ध्वनिवर्धक कांहीं घरांतून अद्याप जपून ठेवलेले आढळतात. त्यांचा खरा वैरी उष्णता होय. आणि ती बाहेरून येण्यापूर्वींच त्यांच्या पोटांत निर्माण होत असते.

ध्वनिवर्धकास मिळणारी सारी वीज कांहीं आवाजाच्या कामीं येत नाहीं. ‘ए’ वर्गाच्या जोडणींत शास्त्रतःदेखील निम्म्याहून अधिक शक्ति लाउडस्पीकरपर्यंत पोंचूं शकत नाहीं. व्यवहारांत ती बरीच कमी पोंचते. ईएल-८४ हा सुपरिचित व्हॉल्व्ह घ्यावा. त्याचा हीटर ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५ वॅट घेतो, आणि त्याच्या प्लेटीस १२ वॅटपर्यंत उष्णता सोसावी लागते. अंगठ्याएवढ्या कांचेच्या नळींतून एवढी उष्णता बाहेर पडावयाची, म्हणजे तिला हात लावतांच चटका बसावा यांत नवल नाहीं.

गंमत अशी कीं, वैशाखाची झळ खुद्द व्हॉल्व्हला फारशी जाणवत नाहीं. निर्वात नळींतील प्लेट कांहींशें अंश तापलेली असते व आपली उष्णता मुख्यतः किरणांच्या रूपानें टाकते. यास्तवच तिला बहुधा काळें लेपन केलेलें असतें. असें उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घातानें वाढतें. एवढ्या तप्त वस्तूस खोली २५ अंशांची काय किंवा ४५ अंशांची काय, सारखीच! हाल होतात ते शेजाऱ्यांचे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचें आयुष्य दर १० अंशांस निम्मे होतें असा कारागिरांचा स्थूल नियम आहे. त्या हिशोबानें २० अंशांची वाढ म्हणजे चौथाई आयुष्य. मेणकागदाचा कंडेन्सर जुना झाला कीं त्यांतून वीज झिरपूं लागते व उष्णतेनें ती गळती वाढते. मग पुढील व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेला धन दाब येतो, प्रवाह फुगतो, प्लेट लाल होते आणि अखेर ट्रान्सफॉर्मर जळतो. दोष किरकोळ किंमतीच्या कंडेन्सरचा, आणि बळी जातो तो सहसा पुन्हां न मिळणारा ट्रान्सफॉर्मर.

पुढें आलेल्या ट्रान्झिस्टरची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. त्याचें तापमान हवेहून थोडेंच अधिक असल्यामुळें हवा तापली कीं तोही तितकाच तापतो. २एन३०५५ या सिलिकॉन ट्रान्झिस्टरची आंतील सीमा २०० अंशांची आहे. त्यांत ३० वॅट उष्णता निर्माण होत असेल, आणि अभ्रकाची चकती व पंख्यांची धातुपट्टी धरून दर वॅटमागें ४ अंश वाढत असतील, तर एकंदर वाढ १२० अंशांची होईल. २५ अंशांच्या हवेंत १४५, वैशाखांत १६५, आणि बंद कपाटांतील हवा ६५ अंशांवर गेली तर १८५! शिवाय तापलेल्या ट्रान्झिस्टरला पूर्वीइतकाच प्रवाह वाहण्यास दर अंशास सुमारें २ मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. भरपाईची योजना नसेल तर प्रवाह वाढतो, उष्णता वाढते, त्यामुळें प्रवाह पुन्हां वाढतो. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर तर याहून कितीतरी नाजूक.

रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालण्याची हौस घरोघरीं होती. रुमाल सुंदर खरा, पण वरचे झरोके झांकले कीं गरम हवेचा मार्गच खुंटतो. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर असावें. कूलरनें खोली थंड होते हें खरें, तथापि त्याचा ओला झोत यंत्रावर कदापि येऊं देऊं नये. तापल्या कांचेवर पाण्याचे थेंब पडल्यास ती तडकते. मागील बाजूस व्होल्ट निवडण्याची खुंटी असल्यास तीही पहावी. ती २०० वर राहिली व वीज २३० व्होल्टची आली, तर हीटरची उष्णता स्थूलमानानें तिसऱ्या हिश्शानें वाढते.

दिवा मालवून मागून पाहिलें असतां हीटरची नारिंगी प्रभा दिसते, ती योग्यच. परंतु भोंवतालची करडी प्लेट लाल दिसूं लागली तर तत्काळ वीज बंद करावी. त्यानंतरही कंडेन्सरमध्यें शेंकडों व्होल्टचा भार कांहीं काळ टिकतो. यास्तव झांकण उघडण्याचें काम जाणत्या कारागिराचें आहे.