टेक्स्ट एडिटरची डीफॉल्ट मांडणी आणि मराठी लेखन

संगणकावर साधा मजकूर लिहिण्याचे साधन म्हणजे टेक्स्ट एडिटर. त्याच्या कर्त्याने काही गोष्टी आधीच ठरवून ठेविलेल्या असतात आणि लेखकाने वेगळे सांगेपर्यंत त्याच लागू राहतात. या ‘डीफॉल्ट’ मांडणीकडे पुष्कळ लेखक कधी वळतच नाहीत. म्हणून ती ठरविताना लिहिलेले अक्षर जसेच्या तसे टिकते की नाही, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

मजकूर कोणत्या संकेतांत साठवावा, याविषयी आता वाद उरलेला नाही. यूटीएफ-८ हीच डीफॉल्ट असावी. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ही किंमत क्षुल्लक होय. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविणाऱ्या जुन्या फाँटांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे पटवून देण्याची गरज नाही.

खरी अडचण ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांच्या भेदाची आहे. मराठीत हा भेद अर्थाचा आहे: ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ कोकणच्या किनाऱ्याला लागतो. युनिकोडात ‘ऱ्य’मधील अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ या चिन्हाला हलन्त जोडण्याची. हे चिन्ह मूळचे द्राविडी भाषांतील एक ध्वनी दाखविण्यासाठी आहे. दुसरी, जुनी रीत ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशी आहे. आता एडिटरने साठवणीच्या वेळी मजकूर ‘स्वच्छ’ करावा म्हणून अदृश्य चिन्हे आपोआप गाळली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘आचाऱ्यास’ या शब्दाचा ‘आचार्यास’ होतो. स्वयंपाक्याला मिळालेली ही पदवी लेखकाच्या ध्यानातही येत नाही, कारण बदललेला शब्दही शुद्धच असतो! बोलींच्या शब्दसंग्रहात असा बदल शिरला, तर मूळ नोंद कोणती होती हे पुढे सांगता येणार नाही. तेव्हा हे गाळणे डीफॉल्ट असता कामा नये. अदृश्य चिन्हे दाखविण्याची सोय मात्र हाताशी असावी.

शोधाच्या बाबतीत उलट धोरण हितावह ठरते. ‘ॲ’ला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून तो लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु युनिकोडच्या सामान्यीकरणाचे नियम त्यांना एक मानीत नाहीत. ‘ऱ्य’च्या दोन रीतींचेही तेच. म्हणून शोधताना अशी रूपे एडिटरने एकच धरावी आणि साठविलेल्या मजकुराला हात लावू नये.

ओळींमधील अंतराचा प्रश्न त्यामानाने साधा आहे. रोमन लिपीच्या मापाने ठरविलेल्या अंतरात ‘र्कै’सारख्या अक्षराचा माथा कापला जाण्याचा संभव असतो, देवनागरीसाठी ते अंतर प्रथमपासूनच थोडे वाढवून ठेवावे.