पावसाळ्यात आऊटबोर्ड इंजिनाच्या इंधनाची काळजी

कोकण किनाऱ्यावर शेतीला मासेमारीची जोड देणारे शेतकरी होडीला आऊटबोर्ड इंजिन लावतात. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात होडी किनाऱ्यावर असते. मात्र टाकीत उरलेले पेट्रोल खराब होत असते.

हल्ली पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा शिरते व तिच्यातील पाणी पेट्रोलमध्ये उतरते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिनाची नळी तळातूनच इंधन ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात या थरातून पुरेसे वंगण तेल मिळत नाही व पिस्टन जाम होऊ शकतो. खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडल्यास जिवावर बेतते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) बंदीपूर्वी गरजेपुरतेच पेट्रोल आणावे. उरलेले, तेल न मिसळलेले पेट्रोल दुचाकीत लगेच वापरावे. टाकी, नळी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

२) तेलाचे मिश्रण फेरीपुरतेच करावे. ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मि.लि. तेल लागते.

३) इंधनाचा कॅन घट्ट झाकणाचा असावा व चुलीपासून दूर, सावलीत ठेवावा.

४) हंगामाच्या सुरुवातीस टाकीच्या तळातील थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास ते इंधन वापरू नये. खाडीतही ओतू नये.