बंब पोहोचण्यापूर्वीची तयारी : पुसदच्या इमारतींसाठी

पूस नदीकाठी वसलेल्या पुसदमध्ये आग लागल्यास बंब येईलच, परंतु जीवितहानी टळणार की नाही हे बऱ्याचदा तो पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून अग्निशमनात ‘घटनापूर्व नियोजन’ महत्त्वाचे मानतात. म्हणजे रुग्णालय, शाळा, जिनिंग किंवा मंगल कार्यालय आधीच पाहून तेथील जिने, विजेचा मुख्य स्विच, गॅस सिलिंडर, पाण्याची टाकी आणि बंब वळेल असा रस्ता यांची नोंद नकाशावर करणे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 या कायद्याने आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर, टाकली असून परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते.

9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. हे दुःख विदर्भाने विसरू नये.

अग्निशामक नळकांड्यावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, जिन्याखाली पोती रचलेली नाहीत ना आणि मागच्या दाराला कुलूप नाही ना, हे प्रत्येकाने आजच पाहावे, कारण आणीबाणीत 101 क्रमांक फिरवण्याइतकीच ही तपासणीही जीव वाचवणारी असते.