तोंडाला कोरड का पडते?

आपल्या लाळग्रंथी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. झोपेत हे काम जवळपास थांबतं, म्हणून कोरडेपणा रात्री जास्त छळतो. जीभ टाळूला चिकटते, भाकरीचा घास उतरत नाही, साधी आमटीही झोंबते. लाळ कमी पडली की दातही झपाट्याने किडतात. वयाला दोष देण्याआधी औषधांचा डबा पाहा! ॲलर्जी, नैराश्य, रक्तदाब यांवरच्या कित्येक गोळ्या लाळ आटवतात. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम यांनी आराम पडतो. दातांसाठी फ्लोराइडची टूथपेस्ट हवीच. सुपारी-गुटखा खाणाऱ्याला मात्र तिखट सोसेनासं झालं, तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर त्याने विनाविलंब दंतवैद्य गाठावा.