बत्तीस तुकडे, नव्वद शिवणी

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या आकाशकंदील स्पर्धेसाठी लेकीने जाहीर केलं की ती फुटबॉलच्या आकाराचा कंदील करणार. वय वर्षं अकरा, दर शनिवारी सकाळी चिखलात माखून घरी येणारी मुलगी. तिच्याकडून कमळाच्या कंदिलाची अपेक्षा नव्हतीच. माझी आई त्या वेळी कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये, आली होती. शिवाजी पेठेत तिने तीस वर्षं घरी शिवणकाम केलं. फुटबॉल तिला नवा नाही. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे लोटणारी गर्दी तिने आयुष्यभर पाहिलेली. त्यामुळे नातीच्या बेतावर तिचा आक्षेप नव्हता, फक्त एवढंच म्हणाली, "कर बाई, पण आधी कागदाचं माप काढ."

लेकीने माप काढलं नाही. तिने नमुना घेतला तो रस्त्यावरून. इथे इंग्लंडात फुटबॉलच्या मैदानाकडे नेणाऱ्या तपकिरी पाट्या असतात, त्यांवर एक छोटा चेंडू काढलेला असतो. गाडीतून जाताना तिने त्याचा फोटो काढला, घरी येऊन नीट पाहिला, आणि चित्रात दिसले तसे षटकोन कापायला बसली. तीस षटकोन कापून झाले, चिकटपट्टीने एकमेकांना जोडून झाले, आणि मेजावर जे तयार झालं ते मधमाश्यांचं पोळं होतं. अगदी सपाट. वाकवायला गेलं की चिकटपट्टी सुटायची, नाहीतर कागद फाटायचा. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

आई मटार सोलत होती. तिथूनच म्हणाली, "टक्स न घेता ब्लाऊज बसतोय व्हय? मेजावर सपाट पडलं, ते अंगावर बी सपाटच पडणार. कुठंतरी कापड कमी कर, मग गोलाई येतीय बघ."

मी इंजिनियर आहे. हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

हिशोब असा आहे. नियमित षटकोनाचा कोपरा १२० अंशांचा. तीन षटकोन एका बिंदूपाशी आले की १२० गुणिले तीन, म्हणजे बरोबर ३६०. बिंदूभोवतीची सगळी जागा भरली, वाकायला वावच उरला नाही. म्हणून फरशा षटकोनी बसवता येतात आणि चेंडू बसवता येत नाही. आता त्यातला एक षटकोन काढून त्या जागी पंचकोन घाला. पंचकोनाचा कोपरा १०८ अंशांचा. बेरीज ३४८. बारा अंश कमी पडले. ते बारा अंश म्हणजेच आईचा टक्स. कडा जुळवायच्या तर कागदाला मेजावरून उठावंच लागतं.

आणि गंमत पुढे आहे. कुठलाही बंद, चेंडूसारखा आकार घ्या, त्याच्या सगळ्या कोपऱ्यांवर मिळून कमी पडलेले अंश मोजले तर ते नेहमी ७२० भरतात. देकार्तने सतराव्या शतकात हे काढून ठेवलं होतं. प्रत्येक कोपऱ्यावर तीनच तुकडे येत असतील, तर प्रत्येक पंचकोन आपल्या पाच कोपऱ्यांवर बारा-बारा, म्हणजे एकूण ६० अंश कमी करतो. षटकोन काहीच कमी करत नाही. ७२० भागिले ६०, बारा. म्हणजे षटकोन कितीही वापरा, पंचकोन मात्र बाराच लागतात, अकरा नाहीत की तेरा नाहीत. ओळखीच्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवर काळे ठिपके मोजून पाहा. बारा पंचकोन, वीस षटकोन, बत्तीस तुकडे. त्यांना साठ कोपरे आणि नव्वद शिवणी. १९८५ साली कार्बनच्या साठ अणूंचा रेणू सापडला, तो नेमका याच आकाराचा निघाला, आणि त्याबद्दल १९९६ चं नोबेलही मिळालं.

मग ती तपकिरी पाटी? ती चुकीचीच आहे. त्यावर फक्त षटकोन आहेत, आणि तसा चेंडू जगात कोणी शिवू शकत नाही. मॅट पार्कर नावाच्या गणितज्ञाने २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारकडे याचिका केली की एवढं चित्र तरी बरोबर करा. वीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या. सरकारने नकार दिला. लेकीला हे सांगितल्यावर तिची पहिली प्रतिक्रिया अशी होती, की म्हणजे चूक माझी नव्हती.

बत्तीस तुकड्यांचा चेंडू आपल्याला इतका अंगवळणी पडलाय, की फुटबॉल पहिल्यापासून असाच होता असं वाटतं. तसं नाही. स्टर्लिंगच्या किल्ल्यात राणीच्या दालनाच्या छतात सापडलेला चेंडू साधारण १५४० च्या सुमाराचा आहे. आत डुकराचं मूत्राशय, वरून चामड्याचे जाडे तुकडे. तोंडाने फुगवायच्या या मूत्राशयांचा धंदा जीवघेणा होता. आमच्यापासून जवळच असलेल्या रग्बी गावात रिचर्ड लिंडन नावाचा चांभार शाळेसाठी चेंडू करायचा. त्याची बायको मूत्राशयं फुगवून फुगवून फुफ्फुसांच्या आजाराने गेली असं सांगतात. त्यानंतर त्याने रबरी ब्लॅडर आणि हवा भरायचा पंप शोधला.

पुढची कित्येक दशकं चेंडू चामड्याच्या लांबट पट्ट्यांचा असे. तीन-तीन पट्ट्यांचे सहा गट, ठोकळ्याच्या सहा बाजूंसारखे जुळवलेले, एकूण अठरा तुकडे. व्हॉलीबॉलवर ती मांडणी अजून दिसते. ब्लॅडर घालायच्या फटीवर बुटासारखी वादी आवळलेली असायची आणि हेडर नेमका तिच्यावर बसला तर कपाळ फुटायचं. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कुणाचा चेंडू वापरायचा यावरून अर्जेंटिना आणि उरुग्वेचं जमेना. शेवटी पहिला अर्धा वेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने, दुसरा उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला. कोल्हापुरातही पावसात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगडासारखा जड व्हायचा, हे आईला चांगलं आठवतं. पेठेतली पोरं तो उन्हात वाळवून तेल लावून ठेवायची.

बत्तीस तुकड्यांच्या मांडणीचं श्रेय डेन्मार्कचे माजी गोलरक्षक आयगिल निल्सन यांना दिलं जातं, साल १९६२. घराघरांत ती पोहोचली १९७० च्या मेक्सिको विश्वचषकातल्या टेलस्टारमुळे. नाव उपग्रहावरून घेतलेलं आणि काळा-पांढरा रंग दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यावर चेंडू दिसावा म्हणून. म्हणजे ज्याला आपण फुटबॉलचं चित्र समजतो, ते खरं तर टीव्हीसाठी केलेलं रंगकाम आहे.

कंदिलाचं गणित सुटलं तरी लेकीचं समाधान होईना. खरा चेंडू आतून कसा असतो ते तिला बघायचं होतं. गॅरेजमध्ये एक फुटलेला, हाताने शिवलेला चेंडू पडला होता. आईने ब्लेड घेतलं आणि उसवायला बसली. उसवणं हेही कसब असतं. वरचा कृत्रिम चामड्याचा थर, त्याच्या मागे चिकटवलेले कापडाचे थर, एकाचे धागे उभे तर दुसऱ्याचे आडवे. कापड एका दिशेने जास्त ताणतं. सगळे थर एकाच दिशेने लावले तर हवा भरल्यावर चेंडू लांबुळका होईल. आईने ते बोटांनी ओढून बघितलं आणि न विचारताच सांगितलं. प्रत्येक बाजू साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, कडेने आधीच पाडलेली भोकं, मेण लावलेला दोरा, आणि प्रत्येक भोकातून दोन बाजूंनी गेलेल्या दोन सुया. नव्वद शिवणी म्हणजे चार मीटर शिवण, सहाशेहून अधिक टाके. नियमाप्रमाणे पूर्ण चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम भरायला हवं. एका टाक्याचा ताण सैल पडला तर तिथे फुगवटा येतो आणि चेंडू सरळ घरंगळत नाही.

आईला एकच गोष्ट सापडेना. शेवटची गाठ.

चेंडू उलटा शिवतात, पिशवीसारखा. बहुतेक तुकडे जोडले की उरलेल्या फटीतून तो सुलटा करायचा आणि ब्लॅडर बसवायचं. मग शेवटच्या शिवणी बाहेरून घालायच्या, पण दिसल्या पाहिजेत आतून घातल्यासारख्या. टाके सैल ठेवून घालतात, नंतर एकेक ओढून आवळतात आणि गाठ आत खेचून घेतात. कारागिराची खरी परीक्षा तिथे. आईने चष्मा पुसून दोनदा शोधलं आणि शेवटी म्हणाली, "ह्यो शिवणारा माझ्यापेक्षा वस्ताद."

आतल्या पट्टीवर 'मेड इन पाकिस्तान' होतं. म्हणजे बहुधा सियालकोट. हाताने शिवलेल्या फुटबॉलांचा मोठा वाटा त्या एका गावातून येतो. इंग्रजांच्या काळात तिथे रॅकेटी आणि बॅटींचा धंदा उभा राहिला, त्यात चेंडू आले. फाळणीत तिथले अनेक हिंदू आणि शीख कारागीर व व्यापारी जालंधरला आणि मेरठला आले. भारतातला क्रीडासाहित्याचा धंदा बराचसा त्यांनी उभा केला. आपण लहानपणी गल्लीत लाथाडलेला चेंडू बहुधा त्यांच्याकडचा.

मांडीत लाकडी चिमटा धरून, त्यात दोन तुकडे अडकवून, एक चेंडू शिवायला तीनेक तास लागतात. हे काम घरोघरी चालायचं, म्हणून त्यात मुलंही असायची. १९९६ मध्ये त्यांची छायाचित्रं अमेरिकेत छापून आली, गदारोळ झाला आणि १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि सियालकोटचं व्यापारी मंडळ यांच्यात करार झाला. शिवणकाम घरांतून काढून देखरेखीखालच्या केंद्रांत नेण्यात आलं. मुलं कमी झाली हे खरं. पण ज्या बायका घर सांभाळून उंबऱ्याआड शिवायच्या, त्यांतल्या अनेकींना केंद्रात जाणं जमलं नाही आणि त्यांची मिळकत गेली. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिचं शिलाई मशीन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात होतं. माझ्या कॉलेजची फी त्यातून भरली गेली.

आता तर शिवणच संपत चाललीय. २००६ च्या विश्वचषकाचा चेंडू चौदा तुकड्यांचा, उष्णतेने चिकटवलेला. २०१० चा जाबुलानी आठ तुकड्यांचा, इतका गुळगुळीत की गोलरक्षक वैतागले. नासाच्या एम्स केंद्रातले रबींद्र मेहता यांनी तो तपासला. क्रिकेटच्या चेंडूच्या स्विंगवर काम केलेले तेच मेहता. शिवण पृष्ठभागालगतच्या हवेला ढवळते. ती कमी असली की चेंडूचं डगमगणं जास्त वेगाला सुरू होतं. जाबुलानीचं ते ताशी ७०-८० किलोमीटरला, म्हणजे ऐन फ्री किकच्या वेगाला व्हायचं. जाबुलानीची एकूण शिवण सुमारे दोन मीटर होती. २०१४ च्या ब्राझुकाचे तुकडे सहाच, पण त्यांच्या कडा अशा वळणदार केल्या की शिवण सव्वातीन मीटरच्या आसपास गेली, आणि चेंडू शहाण्यासारखा उडाला. तुकडे किती यापेक्षा कडा किती, हा खरा प्रश्न होता. तो ब्राझुकाही सियालकोटमध्ये तयार झाला, मात्र सुईदोऱ्याशिवाय. २०२६ च्या विश्वचषकाचा ट्रायोंडा तर चारच तुकड्यांचा आहे. चार तुकडे चिकटवायला वस्ताद लागत नाही, साचा लागतो. मला अभियंता म्हणून ब्राझुका आवडतो. आईसमोर तसं म्हणायचं मी टाळलं.

कंदिलासाठी आम्ही सात सेंटिमीटरची बाजू घेतली, म्हणजे व्यास साधारण ३५ सेंटिमीटर. बारा केशरी पंचकोन, वीस पिवळे षटकोन, जोडायच्या पट्ट्या आतल्या बाजूला. वरच्या पंचकोनाला तारेपुरतं भोक, खालचा पंचकोन दिव्यासाठी उघडा. एकतीसावा तुकडा बसवताना तीच अडचण आली. पट्टी आतून दाबणार कोण? माझा हात त्या खालच्या फटीतून जाईना, आईचा तर नाहीच. लेकीचा गेला. तिने कोपरापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, बोटांनी चाचपत पाचही कडा दाबल्या.

"बारीक हात हाय, म्हणून बरं झालं," आई म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने लेकीचा हात बाहेर काढला, बोटांवरचा गोंद पदराने पुसला आणि तिला म्हणाली, "बास झालं आता. जा, खेळायला जा."

दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस मिळालं. पहिलं बांबूच्या कामट्यांच्या पारंपरिक कंदिलाला गेलं, आणि ते रास्तच होतं. तपकिरी पाटी अजून तशीच आहे. तिच्यावरून गाडी गेली की मागच्या सीटवरून आवाज येतो, "बारा अंश कमी आहेत."