यॉर्कशरच्या कुळाचा मूळ पुरुष

डीएनएच्या ठशांवरून माणूस ओळखता येतो, हा शोध 1984 साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना लागला. त्याच विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागात वीसएक वर्षांनी ट्युरी किंग नावाची संशोधक आडनावांच्या मागे लागली होती. एकच आडनाव लावणारे, एकमेकांना न ओळखणारे दोन इंग्रज पुरुष खरोखर एकाच मूळ पुरुषाचे वंशज असतात का, एवढाच तिचा प्रश्न. बरोबर होते मार्क जॉबलिंग. ठिकठिकाणच्या पुरुषांचे डीएनएचे नमुने गोळा होत होते, त्यांची वाय गुणसूत्रं तपासली जात होती आणि बहुतेकांचे निकाल पश्चिम युरोपात सर्रास आढळणाऱ्या गटांत बसत होते.

एक नमुना बसेना.

नमुना देणारा माणूस गोरा, इंग्रज. घराण्यात कोणी आफ्रिकेतून आलं होतं असं त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. त्याचं आडनाव पूर्व यॉर्कशरचं, आणि इतकं दुर्मीळ की ते छापलं तर हयात माणसांचा पत्ताच छापल्यासारखं होईल. म्हणून इथं ते देत नाही. या माणसाचं वाय गुणसूत्र निघालं ‘ए-1’ गटाचं. जगातल्या सगळ्या पुरुषांचा वंशवृक्ष काढला तर ए ही त्यातली सर्वांत खालून फुटलेली फांदी. ती फक्त आफ्रिकेची मानली जात होती. ब्रिटनमध्येच काय, सबंध पश्चिम युरोपात तिची एकही नोंद नव्हती. आफ्रिकेतल्या ज्ञात उदाहरणांशी हा नमुना ताडून पाहिला, तेव्हा बोट गेलं पश्चिम आफ्रिकेकडे.

या निकालानं धक्का का बसावा, हे कळायला इंग्रजी आडनावं कशी घडली ते पाहावं लागतं. 1066 च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये बापाचं आडनाव मुलानं चालवायची रीत नव्हती. नॉर्मन सरदार आपल्या जहागिरींची नावं लावू लागले, त्यांच्यामागून शहरांतले धनिक आणि मग शेतकरी-कारागीर. दक्षिणेत आधी, यॉर्कशरसारख्या उत्तरेकडच्या मुलखात उशिरा. 1400 च्या सुमारास बहुतेक इंग्रज कुटुंबांना पिढीजात आडनाव होतं. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ गावोगाव झाले. त्या सगळ्यांना भाऊबंद म्हणण्यात काही अर्थ नाही. दुर्मीळ आडनाव मात्र बहुधा एकदाच, एकाच जागी पडलेलं असतं. एखाद्या वस्तीवरून, नाहीतर एकाच माणसाच्या टोपणनावावरून. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होतं, तसं नॉटिंगहॅमशरमधल्या अ‍ॅटनबरो या गावावरून अ‍ॅटनबरो हे आडनाव झालं.

आणि अशी आडनावं सहसा फार लांब जात नाहीत. हे पद्धतशीर दाखवून दिलं हेन्री गपी यांनी. हा माणूस नौदलातला डॉक्टर. सॉलोमन बेटांवरचे खडक, झाडं आणि माणसं अभ्यासून ते मायदेशी परतले आणि आडनावांकडे वळले. काउंटीवार निघणाऱ्या डिरेक्टऱ्यांमधून त्यांनी फक्त शेतकऱ्यांची नावं वेचली. शेतकरी जमीन धरून राहतो, तेव्हा जुनी वस्ती त्याच्याच नावात टिकून असणार, असा त्यांचा हिशेब. दर दहा हजार शेतकऱ्यांमागे एकेका आडनावाचे किती, हे काउंटीगणिक काढून 1890 साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आडनावांचे सहा वर्ग आहेत : पहिल्या वर्गात देशभर पसरलेली, तर सहाव्यात एखाद्याच काउंटीला चिकटून राहिलेली. संगणकाचं नावही नव्हतं त्या काळात एका माणसानं याद्या चाळून हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे 1881 च्या जनगणनेची सगळी नावं संगणकावर आल्यावर आडनावांचे नकाशे निघू लागले, आणि कितीतरी दुर्मीळ आडनावं सहाशे-सातशे वर्षांनंतरही आपल्या उगमाच्या आसपासच दाटलेली दिसली.

दुर्मीळ आडनाव दुर्मीळ राहतं यात नशिबाचा वाटा मोठा. ज्याला मुलीच झाल्या त्याचं आडनाव त्याच्यापाशी थांबलं. नव्यानं रुजणारी कितीतरी आडनावं 1348-49 च्या प्लेगमध्ये माणसांबरोबर गेली असणार. फ्रान्सिस गॅल्टन यांनी 1873 साली गणितज्ञांपुढे हाच प्रश्न टाकला होता, आणि त्यातून जन्मलेलं गणित आज अणूंच्या साखळी प्रक्रियेलाही लावतात.

आता वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आणि आडनावही त्याच वाटेनं जातं. दोघांचा मेळ बसतो का, हे ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावावर तपासलं. 2000 साली निकाल आला. तपासलेल्या साइक्स पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत एकच वाय गुणसूत्र होतं, आणि त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत ते सापडलं नाही. जुन्या कागदपत्रांवरून हे आडनाव अनेक ठिकाणी वेगवेगळं पडलं असावं असं धरून चालत. गुणसूत्रानं एकच मूळ पुरुष पुढं केला. उरलेल्या निम्म्यांचं काय? सातशे वर्षांत दर पिढीला सरासरी 1.3 टक्के मुलांचा जन्मदाता कागदावरच्या बापाहून वेगळा धरला, तरी तेवढी तफावत पडते. पुढे लेस्टरच्या चमूनं 40 आडनावांचे 1,678 पुरुष तपासले. स्मिथ मंडळींत कुठल्याही चार अनोळखी इंग्रजांइतकंच नातं निघालं, तर अ‍ॅटनबरोंमध्ये दहातल्या जवळपास नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच जातीचं. रिचर्ड आणि डेव्हिड अ‍ॅटनबरो ज्या आवारात लहानाचे मोठे झाले ते याच लेस्टर विद्यापीठाचं. वडील तिथं प्राचार्य होते.

तर पेच असा पडला. आडनावाचा नकाशा म्हणतो, हे कूळ पूर्व यॉर्कशरचं. गुणसूत्र म्हणतं, पश्चिम आफ्रिका. आणि पुरावे दोन्हीकडचे पक्के.

एक साधा खुलासा शक्य होता. या एका माणसाच्याच शाखेत, बापाच्या किंवा आजाच्या पिढीत, कोणी आफ्रिकी पुरुष आला असेल आणि घरात त्याचा उच्चार झाला नसेल. तसं असेल तर त्याच आडनावाच्या बाकीच्यांत ए-1 सापडायला नको. म्हणून संशोधकांनी ते आडनाव लावणारे आणखी पुरुष गाठले. या आडनावाच्या 18 जणांपैकी 7 जणांत ए-1 निघालं.

इथून पुढचं काम कागदांचं. चमूत वंशावळींचे जाणकार जेफ स्विनफिल्ड होते. इंग्लंडमध्ये माग काढतात तो आजपासून मागे, एकेक बाप पकडत. 1 जुलै 1837 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, तिथवर वाट सोपी असते : जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव, त्याचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव. जोडीला दर दहा वर्षांची जनगणना. 1851 च्या तक्त्यात जन्मगाव मिळतं. 1841 च्या तक्त्यात मात्र प्रौढांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली असतात, म्हणजे 39 वर्षांचा माणूस 35 चा होतो, आणि जन्मस्थळाच्या रकान्यात एवढंच कळतं की माणूस याच काउंटीत जन्मला की बाहेर. त्याच्या मागे गेलं की हाती उरतात चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा. बाप्तिस्म्याची नोंद पुष्कळदा एका ओळीची : तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव. आडनाव पाद्र्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं लिहिलेलं, त्यामुळे एकाच कुटुंबातल्या दोन भावांची स्पेलिंगं वेगळी. दुर्मीळ आडनावाचा इथं मोठा आधार होतो. जॉन स्मिथ शोधायचा तर एकाच गावात चार निघतात; हे आडनाव असलेला माणूस दिसला की तो आपलाच, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं.

अशी एकेक पायरी उतरत ते सातही जण दोन वंशावळींत बसले. दोन्हींचे मूळ पुरुष 18 व्या शतकाच्या अखेरीचे, दोघेही यॉर्कशरचेच. त्यांना जोडणारा कागद मिळाला नाही.

कागद संपला तिथं पुन्हा गुणसूत्राकडे जावं लागलं. वाय गुणसूत्रावर काही जागी डीएनएचा छोटासा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा आलेला असतो, कोणात 13 वेळा तर कोणात 14 वेळा. बापाकडून मुलाकडे नक्कल होताना क्वचित एखादी आवृत्ती वाढते किंवा गळते. दोन पुरुषांत असे किती फरक साचले ते मोजलं की त्यांच्या वाटा किती पिढ्यांपूर्वी फुटल्या याचा अंदाज बांधता येतो. एरवी त्या काळी दहा-वीस जागा तपासून भागवत. इथं 77 जागा तपासल्या. उत्तर आलं की दोन्ही वंशावळी 18 व्या शतकाच्या अखेरच्या त्या दोघांच्या आणखी काही पिढ्या मागे एका पुरुषापाशी मिळत असाव्यात. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या कितीतरी आधीपासून यॉर्कशरमधलं एक इंग्रज कुटुंब हे आफ्रिकी गुणसूत्र वागवत होतं.

मग पहिला नमुना देणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर, कातडीवर काहीच कसं दिसत नाही? वाय गुणसूत्र एकसंध खाली येतं, पण रूप-रंग ठरवणारा बाकीचा वारसा दर पिढीला निम्मा होतो. आठ पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाच्या वाट्याला सरासरी 256 तला एक भाग येतो, दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाच्या वाट्याला 1,024 तला एक. बाकी सगळे गोरे पूर्वज असतील तर दिसण्यात काय उरणार?

हा आफ्रिकी पुरुष आला केव्हा? आफ्रिकी माणसं ब्रिटनमध्ये रोमन काळापासून होती. हेड्रियनच्या भिंतीच्या पश्चिम टोकाला, अबालावाच्या ठाण्यावर, तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या मूर शिपायांची तुकडी होती. आजच्या लिबियात जन्मलेला सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस इसवी सन 211 मध्ये यॉर्कमध्येच वारला. त्याच यॉर्क शहरात 1901 साली चौथ्या शतकातल्या एका स्त्रीची दगडी शवपेटी सापडली. तिच्याबरोबर दोन तऱ्हांची कांकणं होती : एक हत्तीच्या दाताची, आफ्रिकेतून आलेली, दुसरी काळ्याभोर जेटची, जो दगड यॉर्कशरच्याच किनाऱ्यावर व्हिटबीला मिळतो. 2010 साली झालेल्या अभ्यासात ती मिश्र आफ्रिकी वंशाची असावी असा निष्कर्ष निघाला. ट्युडर राजांच्या दरबारात जॉन ब्लँक हा कृष्णवर्णीय तुतारीवाला होता; 1511 च्या शाही खेळांच्या चित्रगुंडाळीत तो घोड्यावर बसलेला दिसतो.

माझा स्वतःचा कल 17 व्या-18 व्या शतकाकडे आहे. गुणसूत्राचा कौल उत्तर आफ्रिकेऐवजी पश्चिम आफ्रिकेचा, आणि गुलामांची जहाजं भरली जात ती तिथल्याच किनाऱ्यावर. काही आफ्रिकी पुरुष नोकर म्हणून इंग्लंडच्या घरांत आले, काही खलाशी होऊन बंदरांत उतरले. बाप्तिस्मा घेताना त्यातल्या अनेकांना इंग्रजी नाव-आडनाव मिळालं. त्यांतल्या एकानं हे यॉर्कशरचं आडनाव घेतलं असेल. किंवा त्या आडनावाच्या मुलीला त्याच्यापासून मूल झालं असेल आणि मुलानं आईचं आडनाव चालवलं असेल. पण जुन्या काळची शक्यता यानं पुसली जात नाही : रोमन काळात आलेलं गुणसूत्रही आडनावं पडण्याची वाट पाहत पिढ्यान्‌पिढ्या यॉर्कशरमध्ये राहू शकलं असतं. 18 मधल्या ज्यांच्यात ए-1 नाही त्यांची वाट दत्तकविधानातून, विवाहबाह्य संततीतून किंवा आडनाव वेगळ्यानं पडण्यातून फुटलेली असू शकते.

या वंशावळींचे ज्ञात मूळ पुरुष ज्या काळातले, त्या काळात यॉर्कशरचा खासदार होता विल्यम विल्बरफोर्स, जन्मानं पूर्व यॉर्कशरमधल्या हल बंदरचा. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेतलं पहिलं मोठं भाषण त्यानं 12 मे 1789 ला केलं. माझा कल खरा असेल तर ज्यांच्यासाठी तो बोलत होता त्यांच्यातल्याच कोणाचा तरी वंश त्याच्याच काउंटीत, गोऱ्या शेजाऱ्यांत मिसळून नांदत होता. व्यापार बंद करणारा कायदा 1807 साली झाला. लेस्टरचा शोधनिबंध ‘युरोपियन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला तो त्या कायद्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, 2007 मध्ये. ‘मूळच्या’ ब्रिटिशांतला आफ्रिकी वारशाचा तो पहिला जनुकीय पुरावा.

निबंधात एक ताकीदही आहे, आणि ती मला शोधाइतकीच मोलाची वाटते : वाय गुणसूत्रावरून माणूस कुठला हे सांगताना जपून. समजा या सात जणांपैकी एकाचं रक्त गुन्ह्याच्या जागी सांडलं आणि तपासणाऱ्यानं वाय गुणसूत्रावरून संशयिताचं वर्णन काढलं. पोलीस आफ्रिकी वंशाच्या माणसाला शोधत फिरतील, आणि खरा माणूस त्यांच्या समोरून निघून जाईल. उलटी चूकही तितकीच सोपी. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या अनेक कृष्णवर्णीय ब्रिटिश पुरुषांचं वाय गुणसूत्र युरोपीय निघतं, कारण त्या बेटांवर उसाचे मळे गोऱ्यांचे होते आणि मळ्यावर राबणाऱ्या गुलाम स्त्रियांना मालकाला नकार देण्याची सोय नव्हती.